आप्पांची भुवई फुटलेली लढत
मालिशच्या तेलाचा वास आला की न्हावरे गावातलं सलून आठवतं. लष्करात मिडलवेट बॉक्सिंगचे चॅम्पियन झालेले आमचे आप्पा खुर्चीत बसून डोक्याला मालिश करून घेत होते. मी आन् सलूनवाला नेहमीसारखे त्यांच्या लढतींवरून भांडत होतो. तो म्हणाला, "पहिल्याच राऊंडला गडी आडवा केला, तीच भारी!" "न्हाई," मी म्हणालो, "भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं, तरी शेवटपर्यंत उभे राहिले, ती!" आरशातून आमच्याकडं बघत ऐकणाऱ्या, अलीकडं विसरायला लागलेल्या आप्पांनी हळूच विचारलं, "मग जिंकलं कोण?" सलूनवाल्याचे हात थांबले. "तुम्हीच की, आप्पा," आम्ही दोघं एकदमच बोललो. ती लढत ते पॉइंटवर हरले होते, हे आम्हा दोघांनाही पाठ होतं. आता आप्पा नाहीत. आमचं भांडण अजून चालू हाय, पण आप्पाच जिंकले, हा निकाल आम्ही पुन्हा फिरवला नाही.