रूथबाईंचं जाणं

पत्र आलं तेव्हा मी धोब्याला वॉर्डातल्या चादरी देत होते. निळं, पातळ, परदेशी पत्र. गेल्या वर्षभरात अशी पत्रं दर महिन्याला येत होती आणि खरं सांगायचं तर ती आली की माझ्या कपाळाला आठी पडायची. तेही मी न उघडता एप्रनच्या खिशात टाकलं. दुपारी जेवण झाल्यावर बाहेर काढलं, तर अक्षर रूथबाईंचं नव्हतं. डॉक्टरसाहेबांचं होतं, मोठं, शाळकरी वळणाचं मराठी. 'सुमनबाई, रूथ मंगळवारी सकाळी गेली. त्रास फार झाला नाही. तुम्हाला सगळ्यांच्या आधी लिहितो आहे.' पत्राला पोचायला सतरा दिवस लागले होते. म्हणजे ते सतरा दिवस मी मनातल्या मनात त्यांच्यावर चिडत होते आणि चिडायला त्या नव्हत्याच...

आता दीड महिना झाला. धुळ्याला प्रार्थनासभा झाली. परक्या देशात येऊन आयुष्य वेचलेली माउली, शांतीची मूर्ती, असं बरंच कोणी कोणी बोललं. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकत होते आणि मला कळेना, हे कुणाबद्दल चाललंय. माझ्या रूथबाई शांत नव्हत्या. त्यांच्याइतकं मला कुणी शिकवलं नाही आणि त्यांच्याइतका मला कुणी ताप दिला नाही. हे सभेत बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

साक्रीपासून पुढे डोंगराच्या अंगाला मिशनचा एक लहान दवाखाना आहे. रूथबाई आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळे नुसतं डॉक्टरसाहेब म्हणत, ही दोघं कॅनडाहून तिथे आली ती ऐन तिशीत. मी शिंदखेड्याची, शेतकऱ्याची मुलगी. माझ्या धाकट्या आत्याचं अडलेलं बाळंतपण रूथबाईंनी सोडवलं होतं, त्या भरवशावर आबांनी मला एकोणिसाव्या वर्षी नर्सिंग शिकायला त्यांच्याकडे पाठवलं. भाऊबंद म्हणाले, पोरगी बाटेल. आबांनी मनावर घेतलं नाही आणि रूथबाईंनीही मला त्या बाबतीत कधी एका शब्दानं विचारलं नाही. एसटीतून उतरून मी ट्रंक घेऊन फाटकात उभी राहिले तर ही उंच, गोरी, सुती साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली बाई विहिरीवरून ओरडली, "जेवनी का तू?" पुस्तकी मराठी त्या इकडे येण्याआधी शिकल्या होत्या, पण बोलायला शिकल्या त्या बाळंतिणींकडून. त्यामुळे एका वाक्यात पुस्तकी 'कृपया' आणि अहिराणी 'बठ्ठा', म्हणजे सगळं, दोन्ही यायचे. धुळ्याच्या शिकलेल्या माणसांना हसू यायचं. आमच्या बायकांना कधी आलं नाही.

सोळा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. 'हाताखाली' हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण त्यांचा हात सतत वर असायचाच. मी नाळ बांधली की त्या ती गाठ बोटांनी चाचपून बघत. मी कात्री उकळायला ठेवली की येऊन झाकण उचलत. दुसऱ्याच वर्षी त्या धुळ्याला गेल्या असताना पायाळू मूल माझ्या एकटीच्या हातून सुखरूप झालं. मला वाटलं, आता तरी. त्या आल्या, बाळ-बाळंतीण बघितली, "ठीक आहे" म्हणाल्या, आणि बाळाची दुपटी सोडून पुन्हा स्वतःच्या हातानं गुंडाळली. दुपट्यात काही चुकलेलं नव्हतं. पुढे मी पस्तिशीला आले, दवाखान्यात सगळे मला अक्का म्हणू लागले, नव्या मुलींना मी शिकवायला लागले, तरी माझी गुंडाळलेली दुपटी सुटायची आणि पुन्हा बांधली जायची.

मग मिशनच्या मुख्य कचेरीचं पत्र आलं. दोघांची पासष्टी झाली होती, नियमाप्रमाणे मायदेशी परतायचं. बरोबरची आणखी दोन म्हातारी जोडपी आधीच्या वर्षी परत गेली होती, तेव्हा हे होणार हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त रूथबाईंना ते ठाऊक नसावं असं त्या वागल्या. दवाखाना स्थानिक माणसांच्या हाती सोपवण्यासाठी धुळ्याला पाच जणांची कमिटी नेमली होती. कमिटीनं त्यांना विचारलं, बाळंतपणाचा विभाग कोणाकडे द्यायचा? नाव सुचवा, नाहीतर तो बंद करून नुसतं औषध वाटण्याचं काम ठेवू. रूथबाई म्हणाल्या, "अजून कोणी तयार नाही."

मी त्या खोलीत नव्हते. दुसऱ्या दिवशी कंपाउंडरनं सांगितलं. पहिल्यांदा मला वाटलं, मी त्यांच्या धर्माची नाही म्हणून असेल. तसं असतं तर बरं झालं असतं, मग दोष माझ्या कामाचा ठरला नसता. पण तसं नव्हतं. कमिटीतल्या एकानं ती शंका काढली तेव्हा रूथबाईच त्याच्यावर उखडल्या होत्या. त्यांना खरोखरच वाटत होतं की सोळा वर्षांनंतर मी तयार नाही.

त्या दिवशी मी त्यांच्या समोरून चार वेळा गेले असेन. एकदाही विचारलं नाही की बाई, माझं काय कमी आहे? भीती नव्हती. तोंडापर्यंत यायचं आणि मी बेसिन उचलून पुढे जायचे. माझ्या वतीनं बोलले ते डॉक्टरसाहेब, ज्यांनी बायकोच्या विभागात उभ्या जन्मात नाक खुपसलं नव्हतं. पुढच्या बैठकीत ते म्हणाले, "सुमन करील. करतेच आहे." रूथबाई टेबलावरून उठून बाहेर गेल्या म्हणे. कमिटीनं माझं नाव लिहिलं.

पुढचे चार महिने सांगण्यासारखे नाहीत, पण सांगते. मला येत होतं ते सगळं त्यांनी मला पुन्हा शिकवायला घेतलं. हात कसे धुवायचे इथपासून. कपाटांवर, दारांवर, स्टोव्हच्या मागच्या भिंतीवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या, 'झाकण घट्ट', 'आधी नाडी बघ'. नव्या मुली माझ्याकडे बघून तोंड फिरवून हसत. इकडे बंगल्यात बांधाबांध चालली होती. चौतीस वर्षांच्या संसारातून दोन पत्र्याच्या ट्रंका न्यायच्या होत्या. साक्रीच्या बाजारातले कापडवाले हस्तीमलशेठ निरोपाचं म्हणून रेशमी पातळ घेऊन आले, तर रूथबाईंनी ते उलगडून बघितलं आणि म्हणाल्या, "शेठ, याच्यापेक्षा दुपट्यांना मऊ कापड पाठवा." शेठ हसले, पण पातळ परत घेऊन जाताना त्यांचा चेहरा उतरला होता. डॉक्टरसाहेब स्वयंपाकघरात आचाऱ्याकडून अंडी उकडायला शिकत होते, कारण तिकडे आचारी नव्हता. घरही नव्हतं. रूथबाईंच्या भावाच्या घरात माडीवरची एक खोली मिळणार होती. लोक त्यांना म्हणत, चला, आता घरी जाणार तुम्ही. डॉक्टरसाहेब मान हलवत. रूथबाई विषय बदलत.

भावानं तिकडून लोकरीचे कोट पाठवले होते. एप्रिलच्या उन्हात रूथबाई तो काळा कोट घालून व्हरांड्यात उभ्या राहिल्या, बाह्या पुरतात का बघायला. कपाळावरून घामाच्या धारा. ओट्यावर बसलेली एक म्हातारी मला हळूच म्हणाली, "बाईले थंडी वाजी ऱ्हायनी का?" मी हसले. रूथबाईंनी ऐकलं, त्याही हसल्या, आणि मग कोटाची बटणं काढता काढता मधेच थांबल्या. बोटं बटणावर तशीच. मी पुढे होऊन बाकीची बटणं काढली. त्या चार महिन्यांत त्यांनी मला त्यांचं काही करू दिलं ते एवढंच.

निघायच्या दिवशी अंगणात माणसं मावत नव्हती. शाल, नारळ, हार. डोंगरातल्या बायका पहाटेच चालत निघाल्या होत्या. एक जण त्यांचा हात धरून रडत म्हणाली, "बाई, आते आम्हनं कोन शे?" मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. जीप तयार होती. धुळ्याहून संध्याकाळच्या गाडीनं चाळीसगाव, तिथून मुंबई आणि मग बोट. तेवढ्यात आतून मुलगी मला बोलवायला आली. सकाळी दाखल केलेल्या बाईच्या कळा वाढल्या होत्या. विभागाच्या किल्ल्या त्या सकाळपासून माझ्या कमरेला होत्या. माझ्या जबाबदारीवरचं पहिलं बाळंतपण. मी आत गेले, हात धुतले, वळले तर दारात रूथबाई. गळ्यात हार, अंगावर प्रवासाचा झगा.

"मी बघते," त्या म्हणाल्या.

"बाई, गाडी थांबली आहे," मी म्हटलं.

"थांबू दे."

आणि मी बाजूला झाले. दारात उभं राहायला हवं होतं, नाही म्हणायला हवं होतं... मी बाजूला झाले आणि त्यांना एप्रन दिला. हार काढून त्यांनी खिडकीच्या गजाला अडकवला. तासाभरानं मुलगी झाली. त्यांनी तिला पुसलं, गुंडाळलं, आईच्या कुशीत दिलं. बाहेर जयजयकार झाला. जाता जाता शेवटच्या क्षणापर्यंत सेवा, असं धुळ्याच्या सभेत ज्यांनी सांगितलं त्यांनी ते त्या अंगणातून पाहिलं होतं. मी आतून पाहिलं. त्या हात पुसत माझ्याकडे वळल्या, काहीतरी बोलणार होत्या. मी बेसिन घेऊन मागच्या दारानं मोरीवर गेले आणि पाणी सोडून उभी राहिले. जीप सुरू झाल्याचा आवाज आला. फाटकापर्यंत ऐकू आला, मग आला नाही. मी निरोप दिला नाही. आमची शेवटची भेट ती.

मग पत्रं सुरू झाली. पहिल्यात अर्धं पान बोटीबद्दल आणि दीड पान विहिरीत पावडर कधी टाकायची त्याबद्दल. विचारपूस नावाला, सूचना फार. गाद्या उन्हात घातल्या का? साक्रीच्या सुईणींना पावसाळ्याआधी बोलावलं का? सगळं केलेलं असायचं. त्या वर्षी विभागात पूर्वीपेक्षा जास्त बायका आल्या, ते कळवलं तर उत्तर आलं की मग चादरी कमी पडत असतील, लक्ष दे. माझी उत्तरं आखूड होत गेली. शेवटी एका रविवारी बसले आणि सोळा वर्षांचं सगळं लिहून काढलं. कमिटीपुढे काय म्हणालात ते मला माहीत आहे. शेवटच्या दिवशी ते बाळंतपण माझं होतं. मला येतं, बाई, तुम्हीच शिकवलंय, आणि आता कृपा करून सूचना पाठवू नका. परत न वाचता पाकीट चिकटवलं आणि तिकिटं लावून पेटीत टाकलं.

त्यानंतर रूथबाईंचं पत्र आलं नाही. डॉक्टरसाहेबांचं आलं, ते हे.

त्यात पुढे त्यांनी लिहिलं आहे, 'इथे तिला कोणी काही करू देत नव्हतं. भावजय फार चांगली आहे, पण स्वयंपाकघर तिचं. जवळच्या इस्पितळात रूथ दोनदा जाऊन आली, तिथल्या मुलींनी तिला खुर्ची दिली, कॉफी दिली. मग ती दिवसभर तुम्हाला पत्र लिहीत बसे. एक पत्र लिहायला तिला आठ-आठ दिवस लागत. तुमचं शेवटचं पत्र टेबलावर आहे. उघडलेलं आहे.' यापुढे त्या पत्राबद्दल एक अक्षर नाही. रूथबाईंनी वाचलं तेव्हा काय म्हणाल्या, रागावल्या, रडल्या, की तोवर वाचण्याच्या स्थितीतच नव्हत्या आणि डॉक्टरसाहेबांनीच उघडलं... मी विचारायला तीनदा कागद घेतला. डॉक्टरसाहेबांना सांत्वनाचं पत्र गेलं, त्यात हे विचारलेलं नाही. आता विचारीन असं वाटत नाही. मी लिहिलं त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं, आणि तरी ते परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. दोन्ही एकदम खरं आहे आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. दुपारी एक पहिलटकरीण आली. लता नावाची आमची नर्स तिच्यापाशी होती. लता हुशार आहे, पाच वर्षं झाली तिला. मी शेजारी उभी होते, बघत. तिनं हातमोजे चढवले, मी म्हटलं, नीट. तिनं नाडी पाहिली, मी पुन्हा पाहिली. तिनं बाईला पाय कसे ठेवायचे ते सांगितलं, आणि मी ते पाय धरून बोटभर सरकवले. ते होते तिथेही चालले असते. लतानं वर बघितलं. चेहरा शांत ठेवून ती म्हणाली,

"अक्का, मला करू द्या."

तेवीस वर्षांची पोर. जे मला सोळा वर्षांत बोलता आलं नाही ते चार शब्दांत बोलून गेली, आणि खरं सांगते, ऐकून मला आधी रागच आला. तोंडावर आलं होतं, तुला काय कळतंय. मग मी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि व्हरांड्यात येऊन बाकावर बसले. दार लोटलेलं होतं. आत लता त्या बाईला धीर देत होती, भांडं कशावर तरी आपटल्याचा आवाज आला, मी अर्धी उठले. पुन्हा बसले. बराच वेळ लागला. मी आत गेले नाही.