सुटलेल्या गोळीची साक्ष

कळमन्याच्या मिरची बाजारात सरिता गजभियेची अडत आहे. तिचे वडील दादाजी याच बाजारात माल मोजणारे मापारी होते. उतारवयात त्यांनी अडतीचा परवाना काढला आणि त्यांच्या मागे सरिता गादीवर बसली. एक तर बाई, त्यात मापाऱ्याची पोर. पहिल्या हंगामात व्यापारी तिच्या ढिगाकडे फिरकत नव्हते. मग ती स्वतःच पोत्यावर उभी राहून बोली पुकारायला लागली, आणि तो आवाज ऐकून पाठ फिरवणं कोणाला जमलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, ऐन लिलावाच्या गर्दीत, विक्की नावाच्या एका गुंडाने धोंडबा हमालावर सत्तूर चालवला. हमालांच्या टोळीत कोण राहील ते विक्की ठरवणार नाही, असं धोंडबाने चारचौघांत सांगितलं होतं. तेवढंच त्याचं चुकलं. लोक वाट फुटेल तिकडे पळाले. सरिता पुढे धावली आणि तिने विक्कीचा पुन्हा वर गेलेला हात धरला. त्याने झटका दिला, तसा सत्तूर तिच्या उजव्या हातावर बसला. धोंडबा दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. सरिताचा अंगठा डॉक्टरांनी शिवून वाचवला, पण त्यातला जोर गेला तो गेलाच.

विक्कीवर खुनाचा खटला उभा राहिला. पाहणारे पुष्कळ होते. एकेक करून सगळे फुटले. कोणी म्हणालं आपण चहा प्यायला गेलो होतो, कोणी म्हणालं मिरचीच्या धुळीत काही दिसलंच नाही. सरिता तेवढी उरली. विक्की जामिनावर सुटला आणि त्याची पोरं मनीषनगरात तिच्या बिल्डिंगखाली गाड्या लावून बसायला लागली. बोलायची नाहीत, नुसती बघायची. सरिताने शस्त्रपरवान्यासाठी अर्ज केला, सरकारी उंबरे झिजवले आणि शेवटी बत्तीस बोअरचं पिस्तूल घेतलं.

चालवायला शिकवलं मनोहररावांनी. पोलीस खात्यातले निवृत्त हवालदार, बोलायला फटकळ. पिस्तुलात गोळी भरून, सेफ्टीचा खटका मोकळा ठेवून सरिता ते अंगातल्या बिनबाह्यांच्या कोटीआड कमरेला लावते हे पाहिल्यावर ते ओरडलेच.

"बाई, सेफ्टी न लावता कोणी पिस्तूल कमरेला बांधते काय? चापाले नुसतं कापड अडकलं तरी सुटन ते!"

"माह्या अंगठ्यात जोर नाही, मनोहरराव. मी खटका सरकवस्तोवर तो मले कापून मोकळा होईल."

"मग डाव्या हातानं सरकवाची सवय करा. महिनाभर घासा."

"महिनाभर ते थांबतीन काय?"

मनातून सरिता घाबरलेली होती. पण कोणी 'घाबर' म्हटलं की तिची मान आपोआप ताठ व्हायची.

तिचा नवरा नागसेन शाळेत शिक्षक. शांत माणूस, पण त्याचीही झोप उडाली होती. एका सकाळी तो म्हणाला, "सरिता, साक्ष तरी सोड, नाहीतर ते पिस्तूल तरी सोड. दोन्हीपैकी एक."

"दोन्ही नाही सोडत," ती म्हणाली आणि डबा उचलून निघाली.

लेक मेघाने आईच्या गाडीवर मागे बसणं बंद केलं, बसने कॉलेजला जायला लागली. हे मात्र सरिताला लागलं. तरी खटका होता तिथेच राहिला.

मिरचीचा हंगाम भरात आला होता. एका दुपारी सरिता वजनकाट्यावरून आपल्या ढिगाकडे चालली होती. मोबाईल काट्यावरच राहिला होता, हे तिच्या ध्यानात नव्हतं. देठ खुडणाऱ्या बायांपैकी भीमाबाईला तो दिसला. तो घेऊन ती मागून धावत आली आणि पोत्यांच्या बोळात तिने सरिताच्या खांद्यावर हात टाकला.

सरिता गर्रकन वळली. हात कोटीत गेला, पिस्तूल निघालं, आणि नळी वर यायच्या आतच आवाज झाला. बोट केव्हा चापावर गेलं ते तिला कळलंच नाही. गोळी भीमाबाईच्या गुडघ्याजवळून पोत्यात घुसली. तिखट उडालं. दोघी खोकत, डोळे चोळत तिथेच खाली बसल्या. भीमाबाईच्या हातात मोबाईल तसाच होता.

"लागलं काय वं? भीमाबाई, कुठं लागलं?" सरिता तिचे पाय चाचपत होती.

"नाही बाई. पोत्याले लागलं."

तोवर माणसं जमली. अडत्यांमधले जुने वामनराव पुढे झाले. "कोणाले काही झालं नाही ना? मग मिटलं. पोतं बाजूले करा, फटाका फुटला म्हणा. केस दोन हप्त्यांवर आहे, सरिताबाई. हे बाहेर गेलं तर त्यांचा वकील तुमची चामडी सोलन."

सरिताच्या डोळ्यांतून तिखटाचं पाणी वाहत होतं. ती भीमाबाईकडे पाहत राहिली. मग उठली.

"फटाका नव्हता तो," ती म्हणाली. "या बाजारात पाहिलेलं नाही पाहिलं म्हणणारे लय झाले. मी त्याच्यात नाही बसत."

ती थेट ठाण्यात गेली. भीमाबाई तिच्या मागोमाग, कोणी न बोलावता. सरिताने पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि सेफ्टी मोकळी ठेवल्यापासून सगळं सांगितलं. ठाणेदाराने कपाळाला हात लावला.

"बाई, तुम्ही आपल्या पायानं येऊन आपल्यावरच गुन्हा लावून राहिल्या."

"चूक माही आहे. लिहा."

निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. परवाना स्थगित, पिस्तूल जमा. त्या संध्याकाळी नागसेनने सगळं ऐकून घेतलं आणि साक्ष सोड असं पुन्हा म्हटलं नाही. मेघा आईजवळ येऊन बसली. "त्या मावशीच्या जागी मी असती तर?" तिने विचारलं. सरिता म्हणाली, "तोच विचार करून राहिली मी दुपारपासून."

साक्षीच्या दिवशी तिच्याजवळ पर्स आणि पाण्याची बाटली होती, बस. विक्कीच्या वकिलाने सुरुवातच गोळीने केली.

"एक गरीब बाई तुमचा मोबाईल द्यायला आली. तुम्हाला ती मारेकरी वाटली. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे तुम्हाला कोणीही मारेकरी वाटू शकतो."

"साहेब, तिचं तोंड पाहाच्या आधी माह्या हातून गोळी सुटली. ते चुकलं माहं, अन् ते मी स्वतः ठाण्यात जाऊन सांगितलं. याचं तोंड मी पाहिलं होतं. याचा हात माह्या हातात होता. तो सत्तूर याच्या हातून सुटला नव्हता, यानं मारला होता." ती विक्कीकडे वळली. "माही गोळी मी सांगितली. यानं आपला सत्तूर कधी सांगितला?"

न्यायाधीशांनी तिला फक्त विचारलं तेवढंच बोलायला बजावलं. ती "हो साहेब" म्हणाली. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. वकिलाने आणखी बरंच खोदलं, ती जागची हलली नाही.

तिची साक्ष टिकली. काही महिन्यांनी निकाल लागला आणि विक्कीला जन्मठेप झाली.

निकालाच्या दिवशी सरिता कोर्टाबाहेर आली तेव्हा फाटकाजवळ विक्कीची तीच पोरं गाड्यांवर बसून होती, तशीच बघत. नागसेनने तिचा दंड धरून दुसऱ्या फाटकाकडे वळवायला पाहिलं. तिने हात सोडवून घेतला, रस्ता ओलांडला आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"काही बोलाचं आहे काय गा?"

त्यांच्यातला एक मोबाईल पाहायला लागला. दुसऱ्याने गाडीला किक मारली.

"मी उद्या सकाळी कळमन्यातच आहे," सरिता म्हणाली. "बोलाचं असन तर तिथं या. लिलाव सुरू व्हाच्या आधी या, मंग मले वेळ नसते."