तीनदा पुसलेली नोंद

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... मयेच्या मराठी शाळेत शिकलो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. गुरुजींचे उपकार आहेत, म्हणून इथे खोटं लिहिणार नाही.

तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. प्रत्येक कामगाराची नोंद डिरेक्टरी सर्व्हरवर असते. गेटवर कार्ड लावलं की सर्व्हर ती बघतो, मग दार उघडतं. यंदा नवा सर्व्हर आला. जुन्यातला डेटा एका फाइलमध्ये एक्सपोर्ट करायचा, नव्यात इम्पोर्ट करायचा — साधं काम.

पण त्याच्या आठवडाभर आधीच बेळगावकडचा कामगार बसाप्पा मशीनमध्ये सापडून गेला होता. भरपाईसाठी त्याची बायको रोज गेटवर येऊन एकच मागायची — नवरा इथे कामाला होता, एवढं लिहून द्या.

मॅनेजर म्हणाले, "फाइलमधून त्याची नोंद काढ. मगच इम्पोर्ट कर."

"सर, चार वर्षं होता तो."

"तुला पर्मनंट व्हायचंय ना?"

काढली. आठ ओळी होत्या. जुनी डिस्कही त्यांनी फोडून टाकायला लावली.

नव्या सर्व्हरपुढे नारळ ठेवून आमचे म्हातारे शिपाई विठूबाब यांनी पेडण्याच्या रीतीने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, हंय जे कोण राबले त्या सगळ्यांका सांभाळ, कोणाक इसरू नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. मॅनेजरसुद्धा, हात जोडून.

इम्पोर्ट केला. फाइलमध्ये ३११ नोंदी, सर्व्हरवर ३१२. जास्तीची बसाप्पाची — फोटोसकट.

"माझ्याशी खेळतोस?" मॅनेजर म्हणाले. मी सर्व्हर पुसून पुन्हा इम्पोर्ट केला. पुन्हा ३१२. त्यांनी स्वतः फाइलमध्ये नाव शोधलं — नव्हतं. मी परत पुसून तिसऱ्यांदा इम्पोर्ट केला, तरी तेच.

विठूबाब दारातूनच म्हणाले, "तुमीय व्हय म्हणाल्यात मरे, सायबा."

तेव्हा माझं डोकं फिरलं. नोंदीची प्रिंट काढली. "तो कागद इकडे दे," मॅनेजर म्हणाले. दिला नाही. सरळ गेटवर जाऊन बसाप्पाच्या बायकोच्या हातात ठेवला. तिला ते वाचता येत नव्हतं... तिने फोटोवर बोट ठेवलं, आणि ते उचललंच नाही.

फाइलमध्ये नसलेली नोंद आली कुठून? जाणकारांना विचारलं, कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही. लोक विचारतात, भीती नाही वाटली? नाही. राग आला, अजून येतो. मॅनेजरचा तर येतोच — पण गुरुजींनी गिरवायला शिकवलेल्या ह्याच हातांनी मी एक माणूस तीनदा पुसला, त्याचा जास्त.