काळ्या टेपची बांगडी

डोंबिवलीच्या आमच्या कारखान्यातले फिटरकाका मनगटात काळ्या टेपचं रीळ बांगडीसारखं घालतात. लांबून तापमान मोजणारी गन निवडायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं. नोकरीतली माझी ही पहिलीच खरेदी. नमुन्याची एक गन मी चकचकीत स्टीलच्या पाइपवर रोखली. बेचाळीस अंश! खात्रीसाठी हात लावणार, तोच काकांनी माझं मनगट धरलं आणि पाइपवर पाण्याचा थेंब उडवला. चर्रर्र झालं. मग तिथे टेपचा तुकडा चिकटवून म्हणाले, "आता विचार तिला." गनने एकशे आठ दाखवले.

"चकाकणारं खोटं बोलतं रे, इंजिनिअर. धातू बघून सेटिंग बदलता येईल अशी घे."

तशीच घेतली. ती आली त्या दिवशी काकांनी माझ्या त्याच हातात टेपचं नवं रीळ चढवलं.

"हे कोणी कोटेशनमध्ये देत नाही," म्हणाले.