आईचा नसलेला भाऊ

माझ्या आईला भाऊ नव्हता. हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भाऊबीजेला तिन्हीसांजेच्या वेळी ती ओवाळणीचं ताट घेऊन मागच्या अंगणात जाई आणि आभाळात चंद्राची बारीक कोर दिसली की तिला ओवाळी. भाऊ नसलेल्या बाईने चंद्राला भाऊ मानायचं, अशी रीत. "चांद ओवाळनीमा काय देस ओ माय?" असं मी लहानपणी विचारायचो आणि ती नुसती हसायची. दर वर्षी हे डोळ्यांनी पाहिलेला मी, आणि चोरी केली ती नेमकी भावाची. चोराला अक्कल नसते म्हणतात ते काही खोटं नाही.

जळगावात कॉलेज नुकतंच निघालं होतं. आमचं गाव धरणगावपासून दोन कोसांवर. मला निम्म्या फीची सवलत होती आणि वसतिगृहात जागाही मिळाली होती. मराठी शिकवायला पुण्याकडचे एक सर होते, साधे आणि करड्या शिस्तीचे. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी सांगितलं, "घरी जा, आईच्या जात्याशेजारी बसा आणि तिच्या वीस ओव्या लिहून आणा. ती म्हणते तशाच, तिच्याच बोलीत. याचे गुण सहामाहीत धरले जातील."

बाकीच्यांना मजा वाटली. मला मात्र कानकोंडं झालं. दोन वर्षं मी जिभेवरचं अहिराणी 'शे' आणि 'बठ्ठा' घासून काढून 'आहे' आणि 'सगळं' म्हणायला शिकत होतो, आणि आता तेच वहीत लिहून पुण्याच्या माणसाच्या हाती द्यायचं? आईची मला लाज वाटत होती. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. सुट्टीत मी भाऊबीजेचं निमित्त करून धुळ्याला बहिणीकडे गेलो आणि तिथेच मुक्काम ठोकला. दोन सिनेमे पाहिले, भाच्यांना खांद्यावर घेऊन बाजार हिंडलो. वही कोरीच राहिली.

माझ्या खोलीत माझा जोडीदार होता तो रावेरकडचा. घरून येताना केळ्यांचा फणा आणायचा आणि अर्ध्याहून जास्त मलाच खाऊ घालायचा. त्यालाही माझ्यासारखीच सवलत होती. त्याची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. त्याने तिच्या ओव्या आठवून आठवून लिहिल्या होत्या. "वाच जरा, कशा वाटतात सांग," म्हणून त्याने वही माझ्या हातात दिली. त्यात एक ओवी होती: तापीला पूर आलाय, भाऊ बहिणीला न्यायला येतोय, पाणी गळ्याशी आलंय, आणि तिच्यासाठी घेतलेलं लुगडं भिजू नये म्हणून त्याने ते डोक्याला बांधलंय. ती त्याने मला म्हणून दाखवली. मग तो विहिरीवर कपडे धुवायला गेला.

तो परत येईपर्यंत मी वीसच्या वीस ओव्या उतरवून घेतल्या. रावेरकडचे शब्द बदलून आमच्याकडचे घातले, तापी नदीची आमच्याकडची गिरणा केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वही देऊन मोकळा झालो. साठ वह्या कोण वाचतोय, असं वाटलं. सरांनी साठही वाचल्या.

चार दिवसांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून त्यांनी आम्हाला समोर उभं केलं. "यातली एक चोरीची आहे. ज्याने चोरली त्याची सवलत जाईल आणि वसतिगृहातली जागाही. बोला."

"सर, माझ्या आईच्या आहेत," मी म्हणालो. एका दमात, न अडखळता. जोडीदाराने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, काही तरी चुकून झालं असेल अशा नजरेने. मग तो म्हणाला, "माझ्या आईच्या आहेत सर. पण ती नाही आता. विचारणार कोणाला?"

सर माझी वही उचलत म्हणाले, "याची आई आहे ना? मग तिलाच विचारू."

रविवारी आम्ही तिघे धरणगावला उतरलो आणि बैलगाडीने गावात आलो. खरं सांगायला वाट लांब होती, वेळही होता. मी सांगितलं नाही.

घरी मास्तर आले म्हणून आईची धांदल उडाली. तिने ओट्यावर घोंगडी अंथरली. गल्लीतल्या चार बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या. सरांनी आधी तिला नमस्कार केला, मग माझी वही उघडून विचारलं, "बाई, या ओव्या तुम्ही मुलाला सांगितल्यात का?" आणि त्यांनी वाचायला घेतली ती नेमकी तीच. गिरणेला पूर, गळ्याशी पाणी, डोक्याला लुगडं बांधलेला भाऊ.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शेजारची म्हातारी आक्का पुढे होऊन म्हणाली, "पन हिले तं भाऊ..."

"आक्का, तुमी थांबा," आई म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, आणि तेवढ्याने तिला सगळं कळलं. "हाई मीच सांगेल शे," म्हणजे हे मीच सांगितलंय, असं ती सरांना म्हणाली.

"भाऊ कुठे असतात तुमचे?" सरांनी सहजच विचारलं.

"गिरणाना त्या अंगे," आईने नदीपलीकडे हात करून सांगितलं.

माझी आई कधी खोटं बोलत नसे. दूध पातळ झालं तर घेणाऱ्याला स्वतः सांगणारी बाई ती. त्या दिवशी साऱ्या गल्लीसमोर ती खोटं बोलली आणि दाराशी उभ्या बायकांनीही तिच्यासाठी ते गिळलं. सरांनी वही मिटली. मग आईने सगळ्यांना जेवायला बसवलं. भरीत होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. जोडीदार खाली मान घालून जेवला. आई त्यालाच वाढत राहिली, तो नको म्हणाला तरी. निघताना तो तिच्या पाया पडला.

सर आणि तो गाडीत बसायला गेले तसं आईने मला चुलीपाशी गाठलं. "हाई गानं कोना मायनं शे?" तिने विचारलं.

मी गाडीकडे बोट केलं.

"आनि त्यानी माय?"

"नही आते."

ती खाली बसली. मला एक चापट मारली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "जाय, गाडी थांबेल शे."

आठवड्याच्या आत त्याची सवलत गेली आणि जागाही. ट्रंक बांधताना त्याने मला एकच विचारलं, "माझी वही सरांकडून परत मिळेल का?" मी बघतो म्हणालो. बघितलं नाही. पुढे कळलं की तो रावेर स्टेशनवर मालगाडीच्या वाघिणींत केळी भरून घेण्याच्या कामावर लागला. मी पदवीधर झालो आणि धुळ्याच्या एका हायस्कुलात मास्तर झालो. परीक्षेत पोरांच्या बाह्या तपासण्याचं काम मला आयुष्यभर करावं लागलं.

पण त्याआधी, त्या चोरीनंतरच्या पहिल्याच भाऊबीजेला, स्वातंत्र्य आलं त्या वर्षी, बहीण पोरांसह माहेरी आली होती. तिने मला ओवाळलं. तिन्हीसांज झाली, लिंबावर चंद्राची कोर दिसायला लागली. बहिणीने नेहमीसारखं ताट तयार करून आईपुढे धरलं. "चाल माय, चांद बुडी जाई."

आई जागची हलली नाही. "माले भाऊ शे ना," ती म्हणाली. "चार लोकेस्ना समोर मीच सांगेल शे. आते चांदले कसं ओवाळू?"

बहिणीला काही कळेना. ती माझ्याकडे बघायला लागली. निरांजन विझेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. त्यानंतर आईने चंद्राला कधी ओवाळलं नाही.