दोरीआडचा बाक

मुलाकडे अमेरिकेत गेले होते, तेव्हा सुनेने एक जुनी शाळा दाखवायला नेलं. तिथल्या एका राष्ट्राध्यक्षांचं लहानपण त्या गावात गेलं होतं आणि पहिल्या चार इयत्ता ते याच शाळेत शिकले होते. एकच खोली, काळा फळा, कोपऱ्यात लोखंडी शेगडी. त्यांच्या बाकाभोवती जाड दोरी लावलेली.

माझे पाय भरून आले होते. देखरेखीला असलेल्या बाई म्हणाल्या, "कुठेही बसा, फक्त त्या बाकावर नको."

मी अगदी मागे जाऊन टेकले. त्या बाकावर कुणीतरी चाकूने नाव कोरायला घेतलं होतं. दोनच अक्षरं झाली होती. तेवढ्यात शिकवणाऱ्या बाई वर्गात आल्या असणार. पाढे राष्ट्राध्यक्षांनी आणि या मुलाने, दोघांनी तेच घोकले असतील, घरी आईने दोघांचेही कान धरून अभ्यासाला बसवलं असेल. एका बाकाला दोरी आली, दुसऱ्यावर माझ्यासारखी दमलेली माणसं टेकतात.

सुनेने विचारलं, "आई, तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत. कोण मोठं होणार, हे वर्गात कळायचं का हो?"

"नाही गं. शेवटच्या तासाला माझं सगळं लक्ष घंटेकडे असायचं."

ती हसली. मी विनोद केला नव्हता.

मग तिने फोटो काढला. त्यात मधोमध तो रिकामा बाक आहे. मागे मी, अर्ध्या नावावर हात ठेवून, शाळा सुटायची वाट बघत असल्यासारखी.