साफ करायला नेलेलं घड्याळ

मी मुळात संशयी माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला धक्का बसायला नको. भाजीवाल्याच्या काट्याकडं मी जेवढं बघतो तेवढं तो स्वतःही बघत नसेल. एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर माझी सगळी नोकरी गेली. पाकिटावरचा शिक्का आणि आतल्या कागदाची तारीख जुळते का, हे बघायचाच मला पगार मिळायचा. बायको म्हणते, नोकरीनं तुमचा स्वभाव असा केला. माझं म्हणणं, स्वभाव असा होता म्हणूनच साहेबांनी मला त्या टेबलावर बसवलं.

लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याच्या महिन्यात सासरवाडीचं बोलावणं आलं. तीन वर्षांनी अधिक महिना येतो तेव्हा लेक-जावयाला घरी आणायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि जावयाला वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. सासरवाडी म्हणजे औरंगाबाद जिल्ह्यातल्या कन्नडजवळचं एक खेडं. सासरे शेतकरी, गावचे पाटील, पण निजामी वळणानं लोक त्यांना पटेल म्हणायचे. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. पोटी एकच लेक, ती माझ्या घरी. सासरे मोजकं बोलणारे. चार वाक्यं बोलायची असली तर दोन बोलायचे, उरलेली दोन आपण ताडायची. अशा माणसांचा मला जास्तच संशय येतो.

जेवणं झाली. चुलत सासूनं मला पाटावर बसवून ओवाळलं. ताटात अनारसे होते, तांब्याचा दिवा होता आणि दोन घड्याळं होती. एक डबीत, दुसरं फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेलं.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "यातलं कोणतं बी एक घ्या. नवं घ्या, जुनं घ्या. माझं काय म्हणणं नाय."

डबीतलं नवं कोरं होतं. स्टीलचा पट्टा, वार आणि तारीख दाखवणारं. औरंगाबादच्या गुलमंडीवरून मुद्दाम आणवलेलं दिसत होतं. त्या काळी असं घड्याळ मनगटावर असलं की माणूस उगीच बाह्या वर सारून बोलायचा. दुसरं जुनं विलायती. पातळ, लहानसं, तबकडी दुधासारखी पांढरी, काटे केसाएवढे बारीक. मी कानाला लावलं तर अगदी हळू, एका लयीत चालत होतं. खरं सांगतो, मला तेच आवडलं. मग सवयीप्रमाणं मी ते उलटं केलं. पाठीवर उर्दूत काहीतरी कोरलेलं होतं.

मी मराठी शाळेतला. मला उर्दूचं अक्षर येत नाही. सासऱ्यांचं शिक्षण निजामाच्या राज्यातलं, त्यांना सगळं यायचं.

"मामा, काय लिहिलंय?"

"नाव हाय एकाचं."

"कुणाचं?"

"व्हता एक मानूस," असं म्हणून त्यांनी तांब्या तोंडाला लावला. विषय तिथंच संपला.

त्यांचा संपला, माझा सुरू झाला. नवं घड्याळ विकत आणलेलं असताना जुनं समोर ठेवायचं कारण काय? आणि वीस एकर कोरडवाहू जमीन कसणाऱ्या माणसाच्या घरात विलायती घड्याळ आलं कुठून, तेही दुसऱ्याचं नाव कोरलेलं?

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी पाळण्यात होतो. पण मोठ्यांच्या बोलण्यातून थोडंथोडं कानावर पडलं होतं. आधी निजामाच्या रझाकारांनी काय केलं ते सगळे मोठ्यानं सांगायचे. ॲक्शननंतरच्या दिवसांत मुसलमानांच्या घरांचं काय झालं, ते मात्र आवाज खाली आणून. आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची पद्धत. माझ्या गावात दोन-तीन घरांत मी उर्दू नाव घातलेली तांब्याची भांडी पाहिली आहेत. पोरवयात एकीला विचारलं, काकू, हे काय लिहिलंय? तिनं भांडं फिरवून नाव भिंतीकडं केलं. ते फिरवलेलं भांडं मला त्या ताटासमोर बसल्या बसल्या आठवलं.

"दोन दिवस दोन्ही नेतो," मी म्हणालो. "हातावर घालून बघतो, मग एक परत आणून देतो."

सासऱ्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. "न्या की," म्हणाले.

एसटीत बसल्यावर मला राहवलं नाही. बायकोला विचारलं, "हे घड्याळ तुमच्या घरात कसं आलं?"

"मला काय माहीत? दादांच्या ट्रंकेत असतंय. लहानपणी हात लावला तर रागवायचे." वडिलांना ती दादा म्हणायची.

"ॲक्शनच्या वेळचं तर नाही ना? म्हणजे, कुणाच्या घरातून..."

तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "लुटीचं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंच की. तोंड होतं ना, तिथंच दादांना विचारायचं. त्यांच्या हातचं वाण घेताना नाही सुचलं?" त्यानंतर औरंगाबाद येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावरही चहाचा कप माझ्यापुढं आदळण्यापलीकडं तिनं माझ्याशी व्यवहार ठेवला नाही.

मलाही बरं वाटत नव्हतं. घड्याळ कोणतं घ्यायचं हा प्रश्न केव्हाच बाजूला पडला होता. ज्या माणसाच्या मी पाया पडलो तो लुटारू होता का, हा प्रश्न होता. आणि तसं निघालं तर त्याच्या लेकीसोबत मी उरलेला जन्म कोणत्या तोंडानं काढणार होतो?

दुसऱ्या दिवशी कचेरीत चौकशी केली. जुन्या विलायती घड्याळांचा शहरात एकच माणूस, शहागंजात, असं कळलं. दुपारच्या सुट्टीत गेलो. दुकान म्हणजे एक काचेचं टेबल, मागं एक माणूस आणि त्याच्या डोक्यावर निरनिराळ्या वेळा दाखवणारी घड्याळं. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांविषयी माझं मत तुम्ही ओळखलं असेल. पाठ वळली की आतला चांगला भाग काढून हलका बसवतात. म्हणून मी स्टूल ओढून त्याच्या अगदी हातापाशी बसलो आणि पापणी न हलवता बघू लागलो.

"इत्ता क्या देखते जी?" तो म्हणाला. "खा जातूँ क्या मैं घड़ी?"

त्यानं डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ उलटं केलं आणि थांबला. पातळ पात्यानं मागचं झाकण उघडलं, त्याची आतली बाजू उजेडात धरली. मग भिंग काढून माझ्याकडं पाहिलं. आता त्याचा चेहरा वेगळा होता.

"ये घड़ी तुम्हारे कने कैसे आई?"

"सासऱ्यांनी दिली."

"कौन सासरा? किधर का?" घड्याळ त्यानं माझ्यापासून लांब सरकवलं आणि वर काचेचा पेला उपडा घातला. "सच बोलो. जिसकी ये घड़ी है उसको मैं पहचानता."

मी, जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेणारा माणूस, भर दुपारी शहागंजात चोर ठरलो होतो. सासऱ्यांचं गाव सांगितलं, त्यांची उंची सांगितली, डाव्या भुवईवरचा व्रण सांगितला. धोंड्याच्या महिन्याचं वाण सांगितलं. लग्नाला किती वर्षं झाली हेही सांगितलं, ते त्यानं विचारलेलं नव्हतं.

"कन्नडवाले पटेल के दामाद?" तो एकदम हसला आणि मराठीत आला. "मग आधी सांगायचं ना भाऊ. दोन साल झाले पटेल आले नाहीत. मला वाटलं, गेले की काय."

"गुडघे गेलेत त्यांचे," मी म्हणालो. "गाडी चढवत नाही."

त्यानं झाकण माझ्यापुढं धरलं. आतल्या बाजूला सुईनं ओरखडावं तशा बारीक खुणा होत्या, एकाखाली एक, दाटीवाटीनं. घड्याळ साफ केलं की झाकणाच्या आत तारीख कोरून ठेवायची, ही या धंद्याची पद्धत. पुढच्या वेळी उघडणाऱ्याला कळावं म्हणून. "हे वरचं अब्बांच्या हातचं. हे खालचं माझं," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. घड्याळ कन्नडच्या शाळेतल्या उर्दूच्या मास्तरांचं. पाठीवर नाव त्यांचंच. दर उन्हाळ्यात ते इथं साफ करायला आणायचे. ॲक्शननंतर बायकामुलं घेऊन ते हैदराबादेकडं निघाले. वाटेत कोण भेटेल याची खात्री नव्हती, म्हणून निघताना घड्याळ काढून एका जुन्या विद्यार्थ्याच्या हातात दिलं. असू दे तुझ्याकडं, आलो की घेईन, म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात तो विद्यार्थी घड्याळ घेऊन या दुकानात आला.

"अब्बांनी घड्याळ ओळखलं. जे मी तुम्हाला विचारलं, तेच त्यांनी पटेलांना विचारलं."

"मग?"

"पटेलांनी खरं ते सांगितलं. पण अब्बांना पटायला तीन-चार साल लागली. लुटीचा माल घेऊन माणूस दर साल मालकाच्याच ओळखीच्या दुकानदाराकडं कशाला येईल? मास्तर कधी शहरात आले तर पहिले इथंच येणार, म्हणून पटेल यायचे. घड़ी साफ करो, बोलायचे. आणि जाताना विचारायचे, मास्तर आए क्या?"

"आले?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग घड्याळाची कड मला दाखवली. "हातावर घातलेलं घड्याळ इथं झिजतं. मास्तरांच्या वेळी झिजलं तेवढंच झिजलंय. हे बघा. पटेल ने एक दिन नहीं पहना."

मी निघायला उठलो तर त्यानं बसवलं. उघडलं की साफ करूनच बंद करायचं, हा अब्बांचा कायदा होता म्हणे. मी बसलो. या वेळी त्याच्या हाताकडं बघायची मला लाज वाटली. काम झाल्यावर त्यानं आत एक नवी खूण कोरली आणि झाकण दाबलं.

आता एवढ्यावर कुणाचंही मन निवळलं असतं. माझं सायंकाळपर्यंतच निवळलेलं राहिलं. कारण सायकलवरून घरी येताना नवीच शंका निघाली. घड्याळ जर मास्तरांची ठेव, तर सासरे ते मला वाणात देतात कसे? इतकी वर्षं जपलं आणि शेवटी दुसऱ्याची वस्तू जावयाला देऊन मोकळे? रविवारी बायकोला घेऊन पुन्हा कन्नडची गाडी धरली. दुकानातलं मी तिला काही सांगितलं नव्हतं. आधी खरं काय ते पुरतं कळू दे, असं मी स्वतःला बजावत होतो. खरं म्हणजे तिची माफी मागायला जीभ वळत नव्हती.

सासरे ओसरीवर बसले होते. मी दोन्ही घड्याळं पुढं ठेवली. बायको चहा ठेवायला आत गेली. सासऱ्यांनी नव्याकडं पाहिलंही नाही. जुनं उचललं, खिशातल्या चाकूच्या पात्यानं झाकण सहज उघडलं आणि हात लांब करून उन्हात धरलं. बाकीच्या खुणा मळकटल्या होत्या, शेवटची चकाकत होती.

"ही नवी हाय," ते म्हणाले.

"जी."

"साफ कराया नेलं व्हतं, का उघडून बघाया?"

आयुष्यात मला इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. तेवढ्यात बायको चहा घेऊन दारात आली. तिनं प्रश्न ऐकला होता. कप हातात धरून ती माझ्याकडं बघत उभी राहिली.

"साफ करायला," मी म्हणालो.

सासऱ्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका मोकळा झाला. त्या दिवशी ते चार वाक्यांच्या जागी दहा बोलले.

"जावयाला द्यायचं असतंय, काम सांगायचं नसतंय," ते म्हणाले. "ल्योक असता तर सांगितलं असतं, हे मास्तरांचं हाय, सांभाळ म्हणून. तुमास्नी कसं सांगू? म्हणून वाणात ठिवलं. आन् नुसतं तेच ठिवलं तर जबरदस्ती झाली, म्हणून शेजारी नवं ठिवलं. सांगितलं असतं तर तुमी लाजंकाजंनं व्हय म्हणला असता. न सांगता दिलं, आन् तुमी आपल्या मनानं साफ कराया नेलं. मला तेवढंच बघायचं व्हतं."

मी चहाच्या कपात बघत राहिलो. तोंड उघडायला तेव्हाही वेळ होता. मामा, मी खोटं बोललो, एवढं म्हणायचं होतं. बायको माझ्यापुढं बशी सरकवून आत गेली.

"दोन्ही बी न्या," सासरे म्हणाले. "नवं तुमचं. जुनं मास्तरांचं."

त्यानंतर ते सहा वर्षं जगले. मी त्यांना खरं सांगितलं नाही. दर खेपेला जायचो तेव्हा ते चारचौघांत म्हणायचे, आमच्या पाव्हण्यांला सांगावं लागत नाय, आपल्या मनानं करतेत. मी मूग गिळून बसायचो. कधीकधी मला वाटतं, त्यांना सगळं ठाऊक होतं आणि असं म्हणून म्हणून त्यांनी मला बांधून घातलं. ही शंका मात्र विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

नवं घड्याळ निवृत्तीपर्यंत मनगटावर घातलं, मग बंद पडलं. जुनं मी एक दिवसही घातलेलं नाही. दर उन्हाळ्यात शहागंजात नेतो, नवी खूण पडताना बघतो आणि उठताना विचारतो, मास्तर आले का. मास्तर आता असले तर शंभरीच्या पुढं असतील. दुकानदार नेहमीसारखी मान हलवतो.

घरून निघताना मी घड्याळ फ्लॅनेलमध्ये गुंडाळतो, चपला पायात घालतो आणि बायको आतून विचारते, "काय हो, साफ करायला नेताय का?" एवढ्या वर्षांत तिनं एकदाही हा प्रश्न चुकवलेला नाही. मी हो म्हणतो. आता ते खरं असतं, आणि तरी दर वर्षी माझी मान खाली जाते.